मृत्युपत्र न करता गेलेला वसाहतकार: केंटकीतल्या एका कुटुंबाचा वारसा कागदांतून कसा उलगडायचा

मे 1786. केंटकीत लाँग रन नावाच्या ओढ्याकाठी जंगल तोडून शेत करत असताना कॅप्टन अब्राहम लिंकन मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेला. मागे बायको, तीन मुलगे आणि दोन मुली राहिल्या. मृत्युपत्र नव्हतं. जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली. धाकटा थॉमस तेव्हा आठ-दहा वर्षांचा होता. त्याला वडिलांच्या जमिनीतलं काही मिळालं नाही आणि तो लोकांकडे मजुरी करत वाढला. याच थॉमसचा मुलगा आजोबांचं नाव घेऊन पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

सरहद्दीवरच्या, म्हणजे ॲपलाचियन डोंगर ओलांडून पश्चिमेला गेलेल्या कुटुंबांचा वारसा कसा शोधायचा हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता असे पूर्वज असलेल्या सुना आणि जावई आहेत, त्यामुळे कागद चाळायची वेळ आपल्याकडेही येते. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना तर ती येतेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. या माणसांची कुटुंबं मृत्युपत्रात सापडत नाहीत, कारण बहुतेकांनी ती केलीच नाहीत. ती सापडतात पैशाच्या कागदांत: जामीनखतं, सामानाच्या याद्या, कराच्या वह्या, जमिनीचे खटले.

पहिली पायरी: त्या दिवशी कायदा कोणता होता?

कुठलाही कागद शोधण्याआधी कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: मृत्यूची तारीख, ठिकाण, आणि त्या दिवशी तिथे लागू असलेला वारसा कायदा.

1786 मध्ये केंटकी राज्य नव्हतं, तो व्हर्जिनियाचा भाग होता. व्हर्जिनियात तेव्हा ज्येष्ठाधिकाराचा जुना इंग्रजी नियम चालू होता: मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. विधवेला जमिनीच्या एक तृतीयांशावर हयातीपुरता हक्क मिळे, तो भाग ती विकू शकत नसे. हा नियम मोडणारा कायदा 1785 मध्ये मंजूर झाला होता, पण तो लागू झाला 1 जानेवारी 1787 पासून. त्यानंतर मृत्युपत्र नसेल तर मुलगे आणि मुली यांना जमिनीत सारखा वाटा.

म्हणजे बाप आठ महिन्यांनी गेला असता तर पाचही मुलांना जमीन मिळाली असती. थॉमसची पुढची सगळी ओढाताण या आठ महिन्यांत दडलेली आहे. म्हणून मृत्यूचं वर्ष 'साधारण' लिहून पुढे जाऊ नका.

घरातल्या आठवणीवरही तारीख टांगू नका. खुद्द अध्यक्ष लिंकन यांनी 1859 मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात म्हटलं आहे की आजोबा 1781 किंवा 82 च्या सुमारास केंटकीत आले आणि एक-दोन वर्षांनी मारले गेले. म्हणजे 1782 ते 84. पण 7 मे 1785 च्या जमीन मोजणीच्या कागदावर आजोबा स्वतः खुणा करणारे म्हणून हजर आहेत. नातवाची आठवण प्रामाणिक होती, तरी कागद वेगळं सांगतो.

दुसरी पायरी: त्या दिवशी काउंटी कोणती होती?

काउंटी म्हणजे जिल्हा समजा. 1776 च्या अखेरीस आख्खा केंटकी ही व्हर्जिनियाची एकच काउंटी होती. 1780 मध्ये तिचे तीन तुकडे झाले: जेफरसन, फेएट, लिंकन. 1785 पासून जेफरसनमधून नेल्सन वेगळी झाली. 1792 मध्ये नेल्सनमधून वॉशिंग्टन काउंटी निघाली आणि त्याच वर्षी 1 जूनला केंटकी स्वतंत्र राज्य झालं. एकाच घरात राहणारा माणूस पंधरा वर्षांत तीन-चार काउंट्यांचा रहिवासी होऊ शकतो.

नियम असा: काउंटी फुटली तरी जुने कागद मूळ काउंटीच्या कचेरीतच राहतात. ठाण्यातून 2014 साली पालघर वेगळा झाला, तेव्हा ठाण्यात तयार झालेला जुना कागद शोधायला आधी ठाण्याचाच विचार करतो, तसंच.

पण नुसतं एवढं पुरत नाही. लाँग रन जेफरसन काउंटीत होतं, तिथेच कॅप्टन मेला. मालमत्तेची व्यवस्था मात्र नेल्सन काउंटीच्या कोर्टात झाली, कारण विधवा मुलांना घेऊन तिकडे राहायला गेली होती. तेव्हा मृत्यूची काउंटी, तिची मूळ काउंटी, आणि मागे राहिलेले जिथे गेले ती काउंटी, अशा तीन ठिकाणी शोध घ्या. तिसरी बरेच जण विसरतात.

तिसरी पायरी: जमिनीचे चार कागद

केंटकीत व्हर्जिनियाची जमीन मिळवायला चार टप्पे होते आणि प्रत्येकाचा वेगळा कागद बनला. चारही काढा, एकावर थांबू नका.

वॉरंट हा जमिनीचा आकडा सांगणारा परवाना, जमिनीची जागा त्यात नसते. 1779 च्या कायद्याने सरकारी खजिन्यात 100 एकरांना 40 पौंड भरून तो मिळे. कॅप्टन लिंकनने 4 मार्च 1780 ला 160 पौंड भरून 400 एकरांचं वॉरंट घेतलं. 1778 च्या आधी वस्ती केलेल्यांना 400 एकर वस्तीचे आणि शेजारची 1000 एकरांपर्यंत जमीन आधी विकत घेण्याचा हक्क, अशी वेगळी सोय होती.

एंट्री म्हणजे 'अमुक ओढ्याच्या अमुक फाट्यावर मला जमीन हवी' अशी मोजणीदाराच्या वहीतली नोंद. मग सर्व्हे, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी आणि नकाशा. शेवटी ग्रँट, म्हणजे मालकीची सनद. वॉरंट विकता येत असे, त्यामुळे चार कागदांवर चार वेगळी नावं दिसू शकतात. पाठीमागे केलेली हस्तांतराची नोंद वाचल्याशिवाय कागद खाली ठेवू नका. मधल्या काळात माणूस मेला तर सनद वारसाच्या नावे निघते. तिथे 'कायदेशीर वारस' एकवचनात आणि एकाच मुलाच्या नावे असेल तर जुना ज्येष्ठाधिकार, अनेक नावं असतील तर बहुधा 1787 नंतरचा मृत्यू. वारसाबद्दलचा हा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे.

मोजणीच्या कागदात अंतरं पोलमध्ये असतात. एक पोल साडेसोळा फूट, चार पोलांची एक साखळी 66 फुटांची, 320 पोल म्हणजे एक मैल, आणि 160 चौरस पोल म्हणजे एक एकर. 400 एकर म्हणजे 64,000 चौरस पोल. चौरस तुकडा असता तर प्रत्येक बाजू सुमारे 253 पोल, म्हणजे सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त. आपल्या हिशेबात 16,000 गुंठे. कागदावर 'दक्षिण 30 अंश पूर्व, 120 पोल, पांढऱ्या ओकपर्यंत' अशी ओळ आली की आलेखाच्या कागदावर ती रेघ ओढा आणि शेवटची रेघ पहिल्या झाडाशी येऊन मिळते का ते पाहा. मिळाली नाही तर नक्कल करताना एखादी ओळ गळली आहे किंवा दिशा चुकली आहे.

हद्दीची झाडंच मेली, तोडली गेली, किंवा दोघांनी एकाच झाडाला खूण मानलं, की भांडण सुरू. मोजणी करून घ्यायची जबाबदारी दावेदाराची होती, आणि सरकारचा एकसंध नकाशा नव्हता. त्यामुळे केंटकीत एकाच जमिनीवर कौलांसारखे एकावर एक दावे चढले. मूळ प्रश्न त्याहून जुना होता: ज्या शॉनी आणि चेरोकी लोकांच्या शिकारीच्या भूमीवर ही वॉरंटं निघत होती, त्यांच्या हक्काची नोंद या वह्यांत कुठेच नाही.

आता साखळी धरणाऱ्यांची नावं वाचा. लाँग रनच्या मोजणीत आडनाव 'लिंकहॉर्न' असं पडलं आहे आणि साखळी धरणारे दोघंही लिंकन आडनावाचे आहेत. साखळीवाले बहुधा घरचे किंवा शेजारचे असत, म्हणून ही नावं नातेवाइकांच्या यादीत नोंदवून ठेवा. आडनावाची सगळी स्पेलिंगंही शोधा. कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत असे.

चौथी पायरी: कोर्टाची वही आणि सामानाची यादी

मृत्युपत्र नसेल तर कोर्ट मालमत्तेचा प्रशासक नेमत असे. पहिला हक्क विधवेचा, मग जवळच्या नातलगाचा, मग सावकाराचा. म्हणून विधवेऐवजी परका माणूस आला की विचारा, का? तिने हक्क सोडला होता का, की त्याचे पैसे अडकले होते?

आपल्या उदाहरणात ऑक्टोबर 1788 मध्ये नेल्सन कोर्टाने जॉन कोल्डवेल याला प्रशासक नेमलं आणि 1000 पौंडांचं जामीनखत, म्हणजे कारभार नीट करीन अशी रकमेची लेखी हमी घेतली. मृत्यूनंतर दोन वर्षांहून जास्त काळाने! अशी दिरंगाई सरहद्दीवर नेहमीची. कुणाचं देणं-घेणं उभं राहिलं की मगच लोक कोर्टात जात. म्हणून मृत्यूनंतर किमान दहा वर्षांच्या वह्या चाळा. त्यात हे कागद क्रमाने शोधायचे: प्रशासक नेमल्याचा हुकूम, जामीनखत, सामानाची यादी, लिलावाची यादी, अंतिम हिशेब, आणि अल्पवयीन मुलांचे पालकनामे. सातबारावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) दिसलं की मालक लहान आहे हे आपल्याला कळतं. तसं इथे पालकनाम्यावरून मूल 21 वर्षांखालचं होतं हे कळतं. जामीनदार कोण, हे प्रत्येक वेळी वाचा. तो बहुधा भाऊ, मेहुणा किंवा सासरा निघतो.

मार्च 1789 मध्ये पंचांनी यादी दिली. एकूण किंमत 68 पौंड 16 शिलिंग 6 पेन्स. 20 शिलिंगांचा पौंड आणि 12 पेन्सांचा शिलिंग. व्हर्जिनियाच्या चलनात 6 शिलिंगांना एक स्पॅनिश डॉलर, म्हणजे साधारण 229 डॉलर. या यादीत थोडं थांबा. लालसर घोडा 8 पौंडांचा. काळा घोडा साडेनऊ पौंड. वासरासह तीन गाई. नांगर आणि त्याचं सामान. निंदणीची तीन कुदळं. अळशीचं सूत कातायचा चरखा. डझनभर कथलाच्या ताटल्या. तीन मापांची गिरमिटं: एक इंच, पाऊण इंच, अर्धा इंच. कातडं कमावायच्या सुऱ्या आणि झाडाची साल सोलायचं हत्यार. दोन रायफली, एक 55 शिलिंगांची आणि दुसरी साडेतीन पौंडांची, शिवाय 10 शिलिंगांची एक जुनी बंदूक. आणि पिसांची गादी, अंथरूण-पांघरुणासकट 8 पौंड 5 शिलिंग.

गादी लालसर घोड्यापेक्षा महाग. कारण गादी म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेली पिसं आणि घरच्या बायकांनी विणलेलं कापड. साल सोलायचं हत्यार आणि त्या सुऱ्या सांगतात की घरात शेतीबरोबर चामड्याचं कामही होतं, कारण ओकची साल कातडं कमावायला लागते. चरखा दिसला की अळशीचं पीक आणि लिननचं कापड घरचं होतं असं मानायला हरकत नाही.

इथे दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे हीच माणसाची सगळी संपत्ती समजणं. यादी फक्त जंगम मालाची असते, जमीन त्यात येतच नाही. अंगणातल्या घोड्यांवरून गरीब ठरवलेला माणूस शेकडो एकरांचा धनी असू शकतो. दुसरी चूक जामिनाच्या रकमेवरून अंदाज बांधण्याची. ती साधारण मालमत्तेच्या दुप्पट असे असं सांगतात, पण इथे 1000 पौंडांच्या जामिनामागे 69 पौंडांचाही माल नाही. यादीची बेरीजही स्वतः करून पाहा. ती जुळली नाही तर नक्कल करताना ओळ गळलेली असते.

जंगम मालाचा वाटा जमिनीपेक्षा वेगळा: एक तृतीयांश विधवेला, उरलेला मुलांत समान. म्हणून थॉमसला जमीन मिळाली नाही तरी सामानात वाटा होताच.

केंटकीच्या अनेक याद्यांत गाई-घोड्यांच्या ओळींमध्येच गुलाम केलेल्या माणसांची नावं आणि किंमती येतात. त्या ओळी जशाच्या तशा, नाव, वय आणि कोणाच्या वाट्याला गेले यासह उतरवून घ्या. 1870 च्या जनगणनेआधी या माणसांचं नाव कागदावर सापडायची जागा अनेकदा हीच एक असते, आणि वाटणीत आई एका मुलाकडे आणि लेकरू दुसऱ्याकडे गेलेलं इथेच दिसतं.

पाचवी पायरी: बायका आणि मुली

वारशाच्या कागदांत बायका लपलेल्या असतात, पण दोन ठिकाणी हटकून बाहेर येतात.

एक, जमीन विकल्याचं खत. नवऱ्याने विकली तरी पत्नीचा तृतीयांश हक्क त्यावर बसलेला असे, म्हणून तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, ती राजीखुशीने हक्क सोडते का, असं विचारत आणि ते नोंदवत. कॅप्टन लिंकनने व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतली जमीन विकली तेव्हाच्या खतावर पत्नी म्हणून बाथशिबा आहे. त्या खतांतल्या किमतींनी मात्र दबकू नका: 1779 ते 81 मध्ये व्हर्जिनियाचा कागदी पैसा प्रचंड घसरला होता.

दोन, लग्नाचं जामीनखत, म्हणजे लग्नाला कायदेशीर अडथळा नाही अशी रकमेची हमी. थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांचं जामीनखत 10 जून 1806 चं, 50 पौंडांचं. लग्न 12 जूनला जेसी हेड या पाद्र्याने लावलं. थॉमस हार्डिन काउंटीत राहत होता म्हणून हा कागद बराच काळ तिथे शोधला गेला. सापडला वॉशिंग्टन काउंटीत, कारण लग्नाची नोंद सहसा मुलीच्या काउंटीत होते. त्यावर रिचर्ड बेरीच्या सहीपुढे 'पालक' असा शब्द आहे. त्यावरून नॅन्सी अल्पवयीन होती असा निष्कर्ष काढू नका, ती तेव्हा विशीच्या पुढे होती.

शब्दांचे सापळे आणखी आहेत. 'इन-लॉ' म्हणजे कधी सावत्र. 'कझिन' म्हणजे कधी पुतण्या किंवा भाचा. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हणजे बापलेकच असं नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघं असले तर वयावरून तसं लिहीत. 'माझी आत्ताची बायको' यावरून आधीची बायको होतीच असं ठरत नाही. मृत्युपत्रात मुलाला एकच शिलिंग दिला तर राग होता असं लगेच समजू नका, त्याचा वाटा बहुधा आधीच दिलेला असतो.

सहावी पायरी: रिकाम्या वर्षांना कर आणि खटले

केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेच्या याद्या नष्ट झाल्या आहेत. त्यांची जागा कराच्या वह्या घेतात. त्यांत 21 वरचे पुरुष, 16 ते 21 मधले मुलगे, घोडे आणि जमीन दरवर्षी येते. एखादा मुलगा पहिल्यांदा ज्या वर्षी स्वतःच्या नावाने दिसतो त्यातून 21 वजा करा आणि एक-दोन वर्षं इकडे-तिकडे धरा. एकच वर्ष बघून ठरवू नका, सलग दहा वर्षं एका तक्त्यात मांडा. बापाचं नाव गळून विधवेचं आलं की मृत्यूचं वर्ष हाती लागतं.

जमिनीचे आणि वाटणीचे खटले तर खजिनाच. वाटणीच्या दाव्यात सगळ्या वारसांना, मुलींच्या नवऱ्यांसकट, पक्षकार करावं लागे. त्यामुळे एका फाईलमध्ये तीन पिढ्या मिळतात. आधी अनुक्रमणिकेत वादी आणि प्रतिवादी दोन्ही बाजूंनी नाव शोधा.

थॉमसचं पुढचं आयुष्य याच कागदांत आहे. 1803 मध्ये त्याने 118 पौंडांना 238 एकर घेतले. 1814 मध्ये विकताना ती जमीन 200 एकरच भरली, कारण मूळ मोजणी सदोष होती. सिंकिंग स्प्रिंग आणि नॉब क्रीक या त्याच्या पुढच्या शेतांवरही हक्काचे वाद उभे राहिले. 1816 च्या डिसेंबरात कुटुंब शेजारच्या इंडियानात गेलं. गुलामगिरी हे एक कारण होतं, पण मुख्य कारण केंटकीतली जमिनीच्या हक्काची कटकट होती, असं लिंकन यांनी नंतर लिहिलं. इंडियानात केंद्र सरकारने आधीच चौकोनी मोजणी करून जमीन विकायला काढली होती, ओकच्या झाडाचा प्रश्नच नव्हता. 15 ऑक्टोबर 1817 ला थॉमसने तिथल्या व्हिन्सेन्सच्या सरकारी जमीन कचेरीत 160 एकर नोंदवले. एकराला 2 डॉलर, हप्त्याने. सगळे हप्ते झेपले नाहीत, 1827 मध्ये निम्मी जमीन परत देऊन त्याने 80 एकर पक्के केले. बापाच्या वॉरंटाच्या पाचव्या हिश्शाएवढी ही जमीन.

घरबसल्या कुठे पाहायचं

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून काउंटीच्या नावाने कॅटलॉग पाहा. नुसत्या व्यक्तीच्या नावाने शोधलं तर अनुक्रमणिका न केलेल्या वह्या सुटतात. केंटकीच्या जमीन कार्यालयाच्या संकेतस्थळावर व्हर्जिनियाच्या काळातल्या वॉरंट आणि मोजण्यांच्या प्रती आहेत. त्याआधीचं कुटुंब व्हर्जिनियात असेल तर रिचमंडचं राज्य ग्रंथालय. कॅप्टन लिंकनचा जन्म 1744 चा, पेनसिल्व्हेनियातला. 1752 आधी इंग्रजी अंमलात वर्ष 25 मार्चला सुरू होई, तेव्हा तिथल्या 1 जानेवारी ते 24 मार्चमधल्या तारखांना दोन्ही वर्षं लिहून ठेवा.

शेवटी एक तक्ता करा: प्रत्येक नात्यापुढे ते सिद्ध करणारा कागद, त्याची काउंटी, वहीचं नाव आणि पानाचा आकडा. ज्यापुढे कागद नाही ते पेन्सिलने लिहा. कॅप्टन लिंकनची आधीची बायको म्हणून जुन्या वंशावळींत मेरी शिप्ली हे नाव फिरतं. त्यामागे एकही समकालीन कागद नाही. बाथशिबापुढे जमिनीचं खत आहे, ती शाईने. मेरी शिप्ली पेन्सिलने.